कुरण कुणी खणलं

थेडी हेहिरला जगात एकाच गोष्टीचा गर्व होता, आपल्या खणण्याचा. बाकी माणूस बेताचाच. गाणं बेसूर, नाच त्याहून वाईट, आणि बाजारात गाय विकायला गेला तर गिऱ्हाइकाला तिच्या खोडी आधी सांगून मोकळा व्हायचा. पण त्याच्या हातात लॉय द्यावा आणि बघत बसावं. लॉय म्हणजे लांब दांडा, खाली अरुंद पातं आणि दांड्याच्या एका अंगाला पाय द्यायला लाकडी ठोकळा. थेडीने खणलेली ओळ दोरी लावल्यासारखी सरळ जायची, आणि ओळ संपली की तो मागे वळून तिच्याकडे असं बघायचा, की होनोराला, त्याच्या बायकोला, हसूच यायचं. आपल्याकडे तो असा कधी बघत नाही, असं ती चारचौघींत सांगायची.

सगळा गाव उजव्या पायाने खणायचा. थेडी डाव्या. त्याचा बाप डाव्या पायाने खणायचा, म्हणून तोही. त्याच्या लॉयचा ठोकळा डावीकडे, आणि त्याची ढेकळं सगळ्यांच्या उलट्या अंगाला पडायची. इतकी वर्षं याचं कुणालाच काही वाटलं नव्हतं. त्या वसंतात मात्र त्या डाव्या पायापायी सगळ्या गावाची धावपळ झाली.

झालं असं. क्लेअरच्या त्या टापूत बटाटे लावायला जमीन मिळेनाशी झाली होती. मालक डब्लिनला. त्याचा कारभारी हॅझलेट, त्याने चांगली चांगली जमीन गवताखाली घातली आणि तिथे बैल सोडले, कारण बैल उलटून बोलत नाहीत. लोकांनी विनवण्या केल्या, फादरना मध्ये घातलं, काही उपयोग झाला नाही. मग एका रात्री सगळा गाव लॉय घेऊन मोठ्या कुरणात उतरला. एकदा उलथलेलं गवत बैलांच्या काय कामाचं? मग ते बटाट्यांना द्यावंच लागतं. पण एक तुकडा खणून होतो न होतो तोच पोलीस आले. गावात त्यांना पीलर म्हणत, आणि ते म्हणताना बाजूला थुंकत. सगळे पळाले, कुणी सापडलं नाही, पण काम अर्धवट राहिलं. हॅझलेटने उरलेल्या गवतावर बैल तसेच चरत ठेवले, लोकांच्या नाकावर टिच्चून.

आणि त्यालाच ते दिसलं. खणलेल्या तुकड्याच्या एका कोपऱ्यात ढेकळं उलटी पडली होती.

त्याने ते नव्या पोलीस अधिकाऱ्याला, व्हेनेबल्स साहेबाला सांगितलं. साहेब इंग्लंडचा, पूर्वीचा घोडदळातला, अंगाने उमदा आणि डोक्याने उत्साही. एक डावखणा सापडला की त्याला बॉटनी बेच्या, म्हणजे काळ्या पाण्याच्या, जहाजात बसवायचा आणि बाकीच्यांना धडा शिकवायचा, असं त्याने ठरवलं. बातमी गुप्त ठेवायची होती. पण हॅझलेटच्या पोटात दोन पेले गेले की बातमी राहत नसे. शनिवारी तो प्यायला आणि रविवारच्या प्रार्थनेपर्यंत ती गावभर झाली. प्रार्थना संपल्यावर चर्चच्या दारातच हुकूम वाचून दाखवला गेला, सोमवारी सकाळी प्रत्येक पुरुषाने आपापला लॉय घेऊन कुरणावर हजर व्हायचं.

"उजव्या पायाने खणायला शीक," होनोरा घरी येताच म्हणाली.

थेडीने परसात मॉर्टी सुताराचा लॉय घेऊन उजवा पाय ठोकळ्यावर ठेवला, जोर दिला आणि कोंबड्यांत जाऊन पडला. पुन्हा उठला, पुन्हा पडला. कोंबड्या आधीच लांब जाऊन उभ्या राहिल्या.

"बायको, मी उद्या नाहीच गेलो तर?"

"मग तर तूच तो, हे त्यांना खणल्यावाचूनच कळेल."

म्हातारा मॉर्टी मॅरिनन भिंतीला टेकून हे सगळं बघत होता. गावातला प्रत्येक लॉयचा दांडा त्याच्या हातचा. त्याने पाइप तोंडातून काढला. "पोरी, एकाला उजवा करण्यापेक्षा सगळ्यांना डावं करणं सोपं आहे. ठोकळा काढायचा, या अंगाचा त्या अंगाला खिळवायचा. संध्याकाळपर्यंत होईल."

"मॉर्टीकाका, आज रविवार आहे. पाप लागेल."

"फादरना विचारून आलोय. ते म्हणाले, माझ्या कानात आज वारा भरलाय, मला काहीएक ऐकू येत नाही."

मॉर्टीचा हातोडा दिवसभर चालला. उघड्या पडलेल्या कोऱ्या लाकडाला चिखल आणि काजळी फासली. पुरुष मंडळी परसापरसात डाव्या पायाने खणायचा सराव करत होती, आणि त्यांच्या बायका कुंपणावरून ज्या काय टवाळ्या करत होत्या त्या इथे सांगण्यासारख्या नाहीत.

संध्याकाळी होनोराच्या दारात ग्रिबन पीलर उभा राहिला. उत्तरेकडचा, अर्माघचा पोरगेला शिपाई, चौकीत गावची भाषा जाणणारा तो एकटाच. चौकीतला विस्तव विझला होता. "थोडा विस्तव मिळेल का, बाई?"

"आमचाही विझलाय," होनोरा म्हणाली. छपरातून धूर निघत होता. ग्रिबनने धुराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, टोपीला हात लावला आणि गेला. पीलरला गावात कुणी अंडं विकत नसे, वाट सांगत नसे. होनोराला त्यात काही चुकलं असं वाटलं नाही.

सोमवारी ऊन छान पडलं होतं. साहेबाने खणलेल्या तुकड्याला लागूनच सगळ्यांना ओळीने उभं केलं, म्हणजे माती तीच राहील आणि तुलना बरोबर होईल. हॅझलेट साहेबाच्या घोड्याशेजारी उभा होता.

"साहेब, एकेक हातभर खणलं की पुरे ना?" त्याने विचारलं.

"बघू," साहेब म्हणाला. "चला, सुरू!"

आणि सगळा गाव डाव्या पायाने खणू लागला. वेडंवाकडं, धापा टाकत, पण डाव्या. ढेकळं सगळी एकाच बाजूला. हॅझलेटचे डोळे पांढरे झाले.

"साहेब, हे सोंग आहे! हे सगळे उजवे आहेत!"

साहेब मूर्ख नव्हता. तो हसला. "असू दे. सोंग दमेपर्यंतच टिकतं. दमलेला माणूस आपल्या मूळ पायावर येतो. एकेक जण उजव्यावर येईल, आणि शेवटी डाव्यावर जो उरेल तो आपला. खणू द्या त्यांना."

"पण साहेब, माझं गवत..."

"कायद्यापुढे गवताचं काय घेऊन बसलात?"

बायका बटाट्यांच्या टोपल्या आणि ताकाची भांडी घेऊन बांधावर आल्या होत्या, फादरही त्यांच्यात उभे होते. फादरनी साहेबाचं इंग्रजी त्यांना उलगडून सांगितलं आणि ते कानोकान खणणाऱ्यांपर्यंत गेलं. आता सगळं या बापड्यांच्या पायांवर होतं. कुणाचा गुडघा दुखरा, कुणाला दमा. ठोकळा डावीकडे असला तरी उजवा पाय आडवा टाकता येतोच. एकाने पाय बदलला की दुसरा बदलणार, आणि शेवटी तिचा नवरा एकटा उघडा पडणार. पण दुपार झाली तरी कुणी पाय बदलला नाही. मॉर्टीला दोनदा बसावं लागलं, पण उठला की डावाच पाय ठोकळ्यावर. कुरण हळूहळू काळं होत चाललं, बैल कोपऱ्यात सरकत चालले, आणि हॅझलेट हातातली टोपी पिळत बसला. सगळ्यांच्या हे लक्षात आलं होतं, पण हसायची कुणाची छाती नव्हती.

तेवढ्यात होनोराची नजर थेडीच्या ओळीवर गेली आणि तिने कपाळाला हात लावला. सगळ्यांच्या ओळी दारुड्याच्या चालीसारख्या. थेडीची दोरी लावल्यासारखी. आणि हा शहाणा ओळीच्या टोकाला जाऊन मागे वळून बघत होता!

ती ताकाचं भांडं घेऊन त्याच्याकडे गेली. "वाकडं खण," ती दातांतल्या दातांत म्हणाली.

"खणतोच आहे."

"याला वाकडं म्हणतात?"

"याहून वाकडं मला येत नाही गं. हात ऐकत नाहीत."

"मेल्या, जहाजात बसल्यावर ऐकतील का?" मग ती मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, हा जोडा किती फाटलाय! दे इकडे, शिवून आणते." आणि त्याने काही म्हणायच्या आत तिने त्याच्या डाव्या पायातला जोडा ओढून काढला.

उपाय लागू पडला. अनवाणी तळवा लाकडावर दाबताना थेडी कळवळला आणि त्याची ओळ वाकडी जाऊ लागली. होनोरा जोडा छातीशी धरून बांधावर आली. मोठ्या समाधानात होती.

मग साहेबाने घोडा वळवला.

"तो बघ," तो ग्रिबनला म्हणाला. "एक पाय अनवाणी, एका पायात जोडा. आणि तो अनवाण्या पायाने खणतोय! शहाणा माणूस जोड्याच्या पायाने खणेल. ज्याचा मूळ पायच डावा, तोच असं करेल. सापडला!"

होनोराला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण साहेबाचं बोट कुणाकडे आहे ते कळायला इंग्रजी लागत नाही. हातातला जोडा तिला एकदम जड झाला. आपणच नवऱ्याला जहाजात बसवलं, आपल्या हाताने. सगळे लॉय थांबले. थेडी तिच्याकडे बघत होता. रागाने नाही, आणि तेच तिला सहन होईना.

"ग्रिबन, तू शेतकऱ्याचा मुलगा ना? बघ आणि सांग."

ग्रिबन थेडीपाशी गेला. त्याने आधी शेजारच्या माणसाच्या लॉयच्या ठोकळ्यावरून अंगठा फिरवला, मग थेडीचा लॉय हातात घेतला. तिथे काजळीखालचं कोरं लाकूड, ताजा खिळा, इथे वर्षानुवर्षं झिजलेला ठोकळा, त्याला कळलं नसेल असं कोण म्हणेल? त्याने अंगठ्याची काजळी विजारीला पुसली. एकदा बांधावर होनोराकडे पाहिलं. तिला काल संध्याकाळचा धूर आठवला आणि तिने मान खाली घातली.

"साहेब," तो म्हणाला, "ठोकळा डावीकडे आहे. उजवा पाय नीट ठेवायला जागाच नाही. जोडा असो नसो, यावर माणूस डाव्यानेच खणणार."

"दाखव."

ग्रिबनने कोट काढून कुंपणावर टाकला, बंदूक त्यावर टेकवली आणि डावा पाय ठोकळ्यावर ठेवला. पहिलं ढेकूळ पडलं, दुसरं पडलं, आणि मग तो थांबेचना. किती दिवसांनी मातीत हात गेला होता कोण जाणे. त्याचा चेहरा उजळला. ओळ सरळ, थेट, सुंदर, अगदी कुंपणापर्यंत. उरलेली गवताची शेवटची पट्टी त्याने एकट्याने उलथली आणि टोकाला जाऊन मागे वळून बघितलं. थेडीच्या तोंडून नकळत "वा!" निघून गेलं.

साहेबाने घोडा त्या ओळीच्या टोकापर्यंत नेला आणि परत आणला. "ग्रिबन. तू डाव्या पायाने खणतोस."

"आमच्या अर्माघात सगळेच, साहेब."

"आणि या सगळ्या शेतात उत्तम डावखणा तूच आहेस."

"आभारी आहे, साहेब."

पहिलं कोण हसलं ते सांगता येणार नाही. मॉर्टी म्हणतो फादर. पण एकदा हसू फुटलं ते सगळ्या शेतभर गेलं, आणि साहेबाच्याही मिशा हलल्या. बहाद्दराने घोडा वळवला आणि चौकीचा रस्ता धरला. न हसलेला एकटा हॅझलेट. तो शेताच्या मधोमध उभा होता आणि चहूबाजूंनी काळी माती होती. गवताची काडी उरली नव्हती. बैल कुंपणाला चिकटून उभे होते.

"कुणी खणलं हे?" डब्लिनहून मालकाने पुढे विचारलं म्हणतात. काय सांगणार? पोलिसांनी सांगितलं म्हणून खणलं, आणि शेवटचं पोलिसांनीच खणलं. कुरण बटाट्यांना द्यावं लागलं. पट्ट्या वाटल्या तेव्हा कुंपणालगतची, ग्रिबनच्या ओळीची पट्टी होनोराने स्वतः मागून घेतली. थेडीने तिच्यात बटाटे लावले, पण ओळ जशी होती तशीच ठेवली. एवढी सरळ ओळ मोडायची म्हणजे पाप, असं त्याचं म्हणणं.

जुलैच्या शेवटच्या रविवारी पहिले बटाटे निघाले. पातळ सालीचे, उकडले की फुटणारे. त्या वर्षी घरोघरी पोटभर खाणं झालं आणि पोरं अंगणात लोळत पडली. होनोराने मात्र खायला बसण्याआधी उकडलेल्या बटाट्यांची एक टोपली भरली, चिमट्यात एक धगधगता निखारा धरला आणि सगळ्या गावादेखत चौकीकडे निघाली. कुंपणाकुंपणावर माना वळल्या. 

ग्रिबन दारात बूट पुसत बसला होता. तिने टोपली त्याच्यापुढे ठेवली, आत गेली आणि चुलीत निखारा टाकला. चुलीत आधीच छान जाळ होता.

"बाई," ग्रिबन म्हणाला, "विस्तव मी एप्रिलात मागितला होता."

"आमच्याकडे जरा उशीरच होतो," होनोरा म्हणाली. "खा आता. गार होतायत."