आडवी फळी उभी राहिली

मी फळी बोलतेय. हो, तीच. लाँचमधून धक्क्यावर उतरताना जिच्यावर पाय देऊन तुम्ही पुढे जाता आणि मागे वळूनही बघत नाही.

मुळात मी एका गोदामाच्या दाराची. दार मोडलं तेव्हा सुताराने मला उचललं, रंधा मारला, पाय घसरू नयेत म्हणून अंगावर आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि बेटावर जाणाऱ्या लाँचवर पाठवून दिलं.

बेट एवढंसं. वर दगडी मठ, त्यात अकरा संन्यासी. कड्याच्या कपारींत समुद्रपक्ष्यांची घरटी, खाली खडकांवर सुस्तावलेले सील. सकाळी माणसं न्यायची, दुपारी परत आणायची. जाताना सगळे माझ्यावरून जपून चालतात, येताना धाडधाड. इतकी शांतता पचत नाही कुणाला.

पंचवीस वर्षं लाँचचं सुकाणू कप्तानांच्या हाती होतं आणि मला धरायचं काम आधी खलाशांकडे, मग त्यांच्या मुलीकडे. तिने नौकानयनाचं शिक्षण पूर्ण केलं, परवाना काढला, तरी कप्तानांचं उत्तर एकच, आधी फळी नीट धर. चार हंगाम झाले, ते 'आधी' काही संपेना. सुकाणू मागितलं की म्हणायचे अनुभव लागतो, आणि अनुभव कुठे घ्यायचा विचारलं की म्हणायचे सुकाणूवर. मोठ्या माणसांना असं बोलताना हसू कसं येत नाही, देव जाणे.

पोरीने मला नुसतं धरलं नाही. माणसं मठात गेली की ती मला खांद्यावर टाकून बेटाच्या मागच्या छोट्या खाडीत न्यायची. माझ्या पोटाकडच्या बाजूला तिने दर फुटावर एक खाच पाडली होती. खाडीच्या तोंडाशी, खडकाच्या कडेला मला पाण्यात उभी करायची, पाणी कितव्या खाचेला लागतंय ते वहीत लिहायची, शेजारी वेळ. कप्तान म्हणायचे, लाकूड बुडवण्याची पदवी घेतलीय आमच्या मुलीने.

त्या खाडीत कुणीच लाँच नेत नसे. तोंडाशीच एक टोकदार खडक, त्याला सगळे 'दात' म्हणत. तरुणपणी कप्तानांनी भर भरतीला तिथे जायचं धाडस केलं होतं, लाँचचं पोट फाटता फाटता वाचलं. तेव्हापासून तो विषय बंद.

मग तो दिवस आला. संन्याशांना घरच्या माणसांना भेटायची मुभा वर्षातून एकच दिवस असते. आमच्या लाँचवर एक आजी होत्या. मठातल्या धाकट्या भावासाठी स्वेटर विणून आणला होता आणि बाहीचं माप बरोबर आहे की नाही हे त्या वाटभर प्रत्येकाला विचारत होत्या.

धक्का जवळ आला आणि कप्तानांनी इंजिन मंद केलं. पायऱ्यांवर एक सील आडवी पडून पांढऱ्या पिल्लाला पाजत होती. वर मठाच्या भिंतीवरून एका संन्याशाने पांढरं फडकं हलवलं. मठाचा नियमच आहे, धक्क्यावर लेकुरवाळी असली की त्या दिवशी तिथे लाँच लागत नाही. कप्तानांनी लाँच वळवायला घेतली. आजींनी स्वेटर पिशवीत परत घातला.

"बाबा, नियम धक्क्याचा आहे, बेटाचा नाही," पोर म्हणाली. "मागच्या खाडीत चला."

"तिथे दात आहे."

"दिसतोय तोवरच आत शिरायचं. तुम्ही गेलात तेव्हा तो बुडालेला होता. आत्ता त्याचं टोक वर आहे, डावीकडे पाच फूट पाणी आहे. आपल्याला चार पुरतं."

"कुणी सांगितलं?"

तिने मला पालथी करून खाचा दाखवल्या. "हिने."

माझ्या अंगावर शहारा आला. लाकडाला येत नाही म्हणतात, पण आला.

कप्तान अनुभवावर बोलू लागले. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "अहो कप्तान, तिच्याकडे मोजमाप आहे, तुमच्याकडे नुसती आठवण. मला मोजमापाने न्या."

कप्तानांनी एकदा दाताकडे पाहिलं. मग सुकाणूपासून बाजूला झाले. "खरचटली तर रंग तू लावायचास."

तिने लाँच आत घातली. दात उजव्या हाताला इतक्या जवळून गेला, की त्याच्यावरचे शिंपले मोजता आले असते. पोटाखाली खरखर नाही, हिसका नाही. खडकाच्या कडेला लाँच अलगद टेकली.

"फळी टाका, बाबा," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत कप्तानांनी मला पहिल्यांदा हात लावला. त्यांची बोटं माझ्या खाचांवरून फिरली, एकेक मोजत. मग त्यांनी मला नीट टाकलं आणि आजी उतरेपर्यंत दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. वरून एक म्हातारा संन्यासी अंगातली कफनी सावरत पळत आला. स्वेटरची बाही वीतभर आखूड निघाली. त्याने तो दिवसभर काढला नाही.

परतताना दात बुडाला होता. पण तोवर तिने त्याला पाण्यावर तरंगणारा नारिंगी बोया बांधला होता. सुकाणू तिच्याच हाती होतं. ते आजतागायत आहे.

आता लाँचवर अॅल्युमिनियमची नवी शिडी आलीय. मला तिने त्याच खाडीत, खडकाला बोल्ट मारून उभी केलीय. माझ्या खाचा पांढऱ्या रंगवल्यात. पट्ट्या झिजल्यात, एका कडेला चीर गेलीय, पण आत शिरणारा प्रत्येक कप्तान आधी माझ्याकडे बघतो, मग सुकाणू फिरवतो. आमचे कप्तान सगळ्यांना सांगत असतात, मीच शिकवलं तिला. सांगू देत.

इतकी वर्षं आडवी होते, आता उभी आहे. बेटावर याल तेव्हा मला बघून हात हलवा. आणि तुमच्या घरात कुणी चार चार वर्षं नुसती फळी धरून उभी असेल, तर तिला एकदा विचारा, ती काय मोजतेय.