करंगळीची खूण

सकाळी साडेपाचला पाणी तापायला ठेवलं की मी मोबाइल उघडते. आधी जिल्ह्याच्या बातम्या, मग राज्याच्या, मग जगाच्या. कुठे शाळेची व्हॅन उलटली, कुठलं औषध बाजारातून परत मागवलं, कुठल्या देशाने कुठल्या देशावर काय टाकलं. माझा नवरा अतुल म्हणतो, "लोक सकाळी देवाचं नाव घेतात, तू अपघाताचं घेतेस." आमच्या घरात देव नाहीत, बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे; पण त्याचा रोख मला समजतो. पाणी उकळेपर्यंत सगळं वाचून होतं. मग मी पायलला उठवायला जाते, आणि उठवण्याआधी थोडा वेळ तिच्या छातीकडे बघत उभी राहते. श्वास चालू असतो. तो रोजच चालू असतो, हे मला माहीत आहे.

पायल साडेचार वर्षांची आहे. अतुल मुकुटबनकडे एका कारखान्यात कामाला, पंधरा दिवसांनी एकदा येतो. मी बी.एस्सी. झालेली; लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका दालमिलमध्ये पॅकिंगवर देखरेख करते. सैल शिवलेलं पोतं, ओल लागलेलं पोतं बाजूला काढायचं आणि बाकीच्यांवर काळ्या मार्करने लॉट नंबर टाकायचा. आठ तास चूक शोधायचाच पगार मिळतो. घरी आल्यावर ती नजर काही मिटत नाही. दूध हुंगून बघते, बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख बघते, कुलूप तीनदा ओढते. तिसऱ्यांदा ओढताना घरमालकीण वरून हसते, तेही दिसतं.

एमआयडीसीत प्रत्येक मिलची सुटी वेगळ्या वाराला असते. आमची मंगळवारी. म्हणजे रविवारी सगळी गल्ली घरी, तेव्हा मी कामावर, आणि पायल वजनकाट्याच्या केबिनमध्ये चित्रं रंगवत बसलेली. मंगळवारी मी घरी, तेव्हा गल्लीत बहुतेक दारांना कुलपं. त्या दिवशी माझ्या दारात थांबणारं एकच माणूस होतं, कौसल्याताई. आमच्या भागाची आशा वर्कर, पन्नाशीकडे आलेली, खांद्याला पिशवी, पायात पुरुषी चप्पल. "जय भीम वं उर्वशी, चहा ठेवते का जाऊ?" असं विचारायची आणि उत्तराआधीच उंबऱ्यावर बसायची. अर्धा तास बोलायची. कोणाचं बाळंतपण अडलं, कोणाच्या सुनेने कार्ड हरवलं, सायबाने मीटिंगमध्ये किती झापलं. मी नुसती ऐकायची. आठवड्यातला तेवढाच अर्धा तास माझ्या घरात मोठ्या माणसाचा आवाज असायचा.

मार्चातली गोष्ट. एका शुक्रवारी जेवणाच्या सुटीत मोबाइलवर एक व्हिडिओ आला. खाटेवर एक लेकरू, बाजूला रडणारी बाई, आणि मागून कोणीतरी सांगतंय की पोलिओचे थेंब पाजले आणि दोन तासांत असं झालं. गावाचं नाव नाही, तारीख नाही, भाषा अर्धी हिंदी आणि अर्धी कुठली कोण जाणे. असल्या गोष्टीवर विश्वास ठेवू नये एवढं शिक्षण माझं झालं आहे. तरी मी तो तीनदा पाहिला. मग अंगणवाडीतल्या आयांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली ओळ लिहिली, 'खरं की खोटं माहीत नाही, पण आपलं लेकरू आपल्यालाच जपावं लागतं.'

चार जणींनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. एकीने लिहिलं, 'बरं झालं सांगितलं ताई.' त्या आठवड्यात माझ्याशी एवढ्या जणी बोलल्या नव्हत्या.

त्याच रविवारी पोलिओचा बूथ होता. मी मिलमध्ये होते, ते एक निमित्त झालं. पण बूथवर न आलेल्या लेकरांसाठी कौसल्याताई घरोघर फिरते, मंगळवारी ती येणारच. तिला तोंडावर नाही म्हणायचं कसं? ती बसेल, समजावेल आणि थेंब पाजूनच उठेल. आणि मी अडूनच बसले तर उठून जाईल, पुन्हा थांबणार नाही. रात्रभर मी या दोन भीती आलटून पालटून बघत राहिले. एक थेंबांची, एक रिकाम्या मंगळवाराची.

सकाळी पर्समधून लॉट नंबरचा मार्कर काढला. पायलचा डावा हात धरला आणि करंगळीचं नख काळं केलं, थोडं कातडीवरही जाऊ दिलं. बूथवर लावतात तशीच खूण.

"नेलपॉलिश?" पायल खूश झाली.

"नाही. कोणी विचारलं तर औषध पिलं म्हणायचं."

"कधी पिलं?"

"परवा. गोड होतं म्हणायचं."

तिने मान हलवली. पायल फार शहाणी मुलगी आहे, सगळेच म्हणतात.

साडेदहाला कौसल्याताई आली. थेंबांच्या कुप्यांचा निळा डबा उंबऱ्यावर ठेवला, पदराने गळा पुसला.

"रविवारी बूथवर नाही दिसली तं मले वाटलं, ही बाई कुठं गेली?"

"मिल होती न ताई. सकाळीच बसस्टँडवरच्या बूथवर देऊन आणलं."

तिने पायलचा हात उचलला, करंगळी पाहिली, सोडली. इतकंच. दाराच्या चौकटीवर खडूने पी काढला (डोस झालेल्या घराला पी, राहिलेल्या घराला एक्स), तारीख टाकली. "पाह्य, शिकलेल्या माणसाचं असं असते. सांगा लागत नाही," म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याच वेळी आणखी काहीतरी माझ्या आत पडलं. त्याचं नाव मला तेव्हा सांगता आलं नसतं.

चहा झाल्यावर ती उठली आणि म्हणाली, "चाल माझ्यासंग. पायललेही घे."

"कुठे?"

"मागच्या खोल्यांत ते तांड्यावरची जमनी राह्यते न, भारतची बायको. तिचं पोट्टं सात महिन्यांचं. दोनदा गेली, दार लावून घेते. माह्यं ऐकत नाही. म्हणते तुम्हाले तं पगारासाठी सांगा लागते. तू पोरीची आई हायेस, तुह्यं ऐकन."

"मी काय सांगू ताई?"

"काही नको सांगू. पोरीचं बोट दाखव फक्त."

काहीतरी कारण सांगून थांबता आलं असतं. सुचलं नाही. खरं म्हणजे सुचली होती तीन कारणं, पण ती माझ्याकडे अशा खात्रीने बघत होती की मी चप्पल घातली.

जमनी माझ्याच वयाची असेल. दार अर्धं उघडून उभी राहिली, कडेवर बाळ. त्याच्याशी गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत, काहीतरी बोलत होती, आम्हाला बघून थांबली.

"आल्या परत?" ती कौसल्याताईला म्हणाली. "आज मॅडमले पण आणलं काय?"

"मॅडम नाही वं, आपल्याच गल्लीतली उर्वशी. बी.एस्सी. झाली. काहून देत नाहीस, ते हिले तरी सांग."

जमनीने ओढणीच्या टोकात बांधलेला मोबाइल सोडला. "हे पाहा. आमच्या यांच्या मिलमधल्या कोणी पाठवलं."

खाट. लेकरू. रडणारी बाई. कौसल्याताईने मोबाइल लांब धरला आणि खालचं अक्षर अक्षर जुळवून मोठ्याने वाचलं, "खरं की खोटं माहीत नाही, पण आपलं लेकरू आपल्यालाच जपावं लागतं." मग तोंड वाकडं करून म्हणाली, "कोण अशी शहाणी आहे वं हे? माहीत नाही तं कायले पाठवते?"

 माझीच ओळ, माझ्याच शब्दांत, पाच दिवसांत कुठून कुठून फिरून या खोलीच्या दारात आली होती. खाली माझं नाव मात्र नव्हतं.

"पण बरोबरच लिहिलं न तिनं," जमनी म्हणाली. "जपाच लागते." आणि मग माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही देल्लं काय? खरं सांगा."

कौसल्याताईने पायलचा हात पुढे केला. "हे काय. पाह्य डोळ्यानं."

जमनी खाली वाकली. करंगळी बघितली, बोटाने घासूनही बघितली. मार्कर पोत्यांचा होता, निघाला नाही. तिने पायललाच विचारलं, "औषध पिलं काय वं बाई तू? कसं लागलं?"

पायलने आधी माझ्याकडे पाहिलं. अगदी थोडा वेळ. मी सकाळी बातमी उघडण्याआधी जशी मोबाइलकडे बघते, काय निघेल याचा अंदाज घेत, तसं. मग जमनीकडे बघून म्हणाली, "गोड."

"ताप आला?"

"नाही आला," पायल म्हणाली. हे मी तिला शिकवलं नव्हतं.

जमनीने एक लांब श्वास सोडला आणि बाळाचं तोंड वर केलं. थेंब पाजेपर्यंत ती बाळाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. बाळाने जीभ बाहेर काढली, मग रडलं. जमनी हसली. "ताई, तुम्ही आल्या म्हणून देल्लं हं मी," म्हणाली.

परतताना कौसल्याताई खुशीत होती. "आता संध्याकाळच्या मीटिंगमध्ये सांगतो, त्या घराचा एक्स पुसला म्हणून. तू आली म्हणून काम झालं. आता पुढच्या घरालेही तुलेच नेतो पाह्य."

पाण्याच्या टाकीपाशी मी थांबले.

"ताई, पायलला दिलेलं नाही."

"काय नाही देल्लं?"

"डोस. तो मार्कर आहे, मिलचा. मी लावला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता चिडेल. चिडली असती तर काहीतरी बोलता आलं असतं.

"आणि ती ओळ," मी म्हटलं, "व्हिडिओखालची. ती पण माझीच आहे."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला.  कौसल्याताई टाकीच्या कठड्यावर बसली, डबा उघडला, कुपी उजेडात धरून बघितली. "देऊ?" एवढंच विचारलं.

"द्या."

"तुले भेव वाटते न?"

"वाटते."

"जमनीलेही वाटत होतं," ती म्हणाली आणि पायलच्या गालावर अंगठा ठेवून तिचं तोंड उघडलं. थेंब पडले. पायलचा चेहरा आंबला. पुन्हा माझ्याकडे बघून थांबली, आता काय म्हणायचं असतं ते विचारत. मी तिला जवळ घेतलं. 

"मी जमनीला जाऊन सांगते," मी म्हटलं.

"काही सांगू नको." पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "आज सांगशीन तं ते पुढची एकही सुई घेऊ देणार नाही. तुह्यं मन हलकं कराले तिच्या लेकराचा जीव नको वापरू. आता ते तुह्याजवळच ठेव." डबा बंद करून ती उठली. "तू मले सांगतलं असतं, मले भेव वाटते म्हणून, तं मी बसली असती न तुह्यापाशी. दिवसभर बसली असती."

ती पुढे निघून गेली. मी हाक मारली नाही.

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं की व्हिडिओ खोटा आहे, मी चुकून पाठवला, पायलला डोस दिला आहे. सगळ्यांनी वाचलं. हात कोणी जोडले नाहीत. पायलला ताप आला नाही. अतुलला फोनवर सगळं सांगितलं तर म्हणाला, "झालं न देऊन? मग सोड आता." त्याच्या मागे मशीनचा आवाज होता, मी सोडलं म्हणाले.

त्यानंतरचे मंगळवार मी मोजलेले नाहीत, पण सहा झाले. कौसल्याताई गल्लीत यायची, समोरच्या घरी जायची, माझ्या दारापुढून जाताना "जय भीम" म्हणायची. मीही म्हणायची. तिचा पाय थांबत नव्हता.

थांबायची ती जमनी. बाळाला कडेवर घेऊन यायची आणि मोबाइल पुढे करायची. "ताई, हे खरं आहे काय? ताई, हे?" माझ्या शब्दाला तिने जी किंमत दिली होती ती ऐकताना अंग चोरावं वाटायचं. एप्रिलअखेर आली तेव्हा मोबाइल नव्हता. "सोनूले नऊ महिने होत आले. गोवरची सुई देऊ न? तुम्ही देल्ली होती न पायलले?"

दिली होती. कार्डावर शिक्का आहे, हे खरं होतं. हो म्हणायला काहीच हरकत नव्हती. माझ्या तोंडून निघेना.

"थांब इथेच," मी म्हटलं आणि तिला उंबऱ्यावर बसवून कौसल्याताईच्या घरी गेले. ती भाजी निवडत होती.

"ताई, जमनी विचारते आहे, गोवरची सुई द्यायची का."

"तुले माहीत नाही?"

"मला माहीत आहे. पण ते तिने माझ्याकडून ऐकू नये."

तिने निवडलेली भाजी टोपलीत टाकली, हात झटकले. चप्पल घातली. रस्ताभर ती माझ्या पुढे दोन पावलं होती आणि मी ते अंतर कमी केलं नाही.

माझ्या उंबऱ्यावर ती जमनीशेजारी बसली. सुई कधी, कुठे, ताप आला तर काय, किती दिवस. जमनीने खोदून खोदून विचारलं, तिने न कंटाळता सांगितलं. मध्येच बाळाचे गाल ओढले. मी आत उभी राहून ऐकत होते. किती दिवसांनी घरात तो आवाज होता. मी न विचारताच पातेलं गॅसवर ठेवलं.

जमनी उठली, सोबत कौसल्याताईही उठली.

"चहा ठेवला आहे ताई," मी म्हटलं.

तिने पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आज नाही," ती म्हणाली.

मी गॅस बंद केला.