डबी पुन्हा उघडली

मास्तर कधी शाळेत शिकवायला गेले नव्हते. पण कचेरीत कुणाचा प्रोग्रॅम अडला की ते खुर्ची ओढून शेजारी बसत, एखादाच प्रश्न विचारत आणि अडलेल्याला स्वतःची चूक स्वतः सापडेपर्यंत हूं की चूं करत नसत. म्हणून ते मास्तर.

'डबी' त्यांनीच बनवली होती, कचेरीतल्या सगळ्यांसाठीचा एक प्रोग्रॅम. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. छान जमलेला कोडचा तुकडा तिच्यात टाकायचा, तो कशासाठी आहे हे खाली लिहायचं, की सगळ्यांना मिळायचा. पुढे नवी चकचकीत साधनं आली आणि डबी अडगळीत गेली.

मग मास्तरांना विसराळूपणाचा आजार जडला. नव्या कॉम्प्युटरसमोर ते भांबावून जात. कुठेही बोट लागलं की भलतंच काहीतरी उघडायचं. "डबी कुठाय? उघडून दे ना," असं बायकोमागे दिवसभर टुमणं.

बायकोही त्याच कचेरीतली, त्याच कामातली. तिनं मनावर घेतलं. जाड्या नावाच्या जुन्या सहकाऱ्याच्या माळ्यावर एक मोडका कॉम्प्युटर होता, त्यातून डबीची प्रत निघाली. पण ती चालेना. आजच्या तारखा तिच्या पचनीच पडेनात. बायकोनं जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारा एक प्रोग्रॅम बसवला, तारखांची खोड मोडली आणि जाड्यासकट चार जुन्या मंडळींना जोडून घेतलं.

हिरवी अक्षरं उमटली तसे मास्तर ताठ बसले. सकाळी त्यांना शर्टाची बटणं लावता आली नव्हती. आता बोटं अशी धावायला लागली की बायको हातातला ओला टॉवेल वाळत घालायचाच विसरली.

ते दिवस बरे गेले. मास्तर तुकडे टाकत, मंडळी दाद देत. जेवताना मास्तर गुणगुणतसुद्धा.

एका दुपारी जाड्याचा फोन आला. "वहिनी, मास्तरांनी तोच तुकडा पुन्हा टाकलाय. आणि त्यात चूक आहे हो. सुरू केला तर थांबणारच नाही, नुसता फिरत राहील. सांगू का त्यांना?"

"सांगू नकोस. विचार," ती म्हणाली. "ते तुला विचारायचे तसं."

जाड्यानं लिहिलं, 'मास्तर, हा थांबतो कुठे?'

मास्तरांनी ते वाचलं. मग तुकडा वाचला. मग परत प्रश्न. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं तरी ते तिथंच. ती चहा घेऊन आली तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"मला दिसत नाहीये गं," ते म्हणाले. "चूक आहे एवढं कळतंय. पण कुठंय?"

तिनं त्यांचं डोकं पोटाशी धरलं. त्यांचा मान राखायला गेली आणि नेमका घाव घालून बसली, हे तिला फार लागलं. तिनं जाड्याला कळवलं, "यापुढे नुसतं छान म्हणायचं."

मंडळींनी शब्द पाळला.

हळूहळू मास्तरांचं लिहिणं थांबलं, ते नुसते जुने तुकडे चाळू लागले. एकदा त्यांनी तिला हाक मारली.

"अहो, इकडे या जरा. हे बघा. एवढं किचकट काम, आणि किती मोजक्या ओळींत! आमच्याकडे नवी मुलगी आलीय, तिनं लिहिलंय."

तुकड्याखाली तिचंच नाव होतं, लग्नाआधीचं. आयुष्यभर अगं-तुगं करणाऱ्या माणसाच्या तोंडचं 'अहो' तिनं मुकाट्यानं गिळलं.

"कशी आहे मुलगी?" तिनं विचारलं.

"हट्टी आहे. पण तुम्हाला आवडेल."

काही महिन्यांनी त्यांना अक्षरंही लागेनाशी झाली. तरी मंडळी तुकडे टाकतच राहिली, आणि ती रोज संध्याकाळी पलंगाशी बसून ते त्यांना मोठ्यानं वाचून दाखवू लागली. ते तिच्या ओठांकडे बघत राहत. कधी मध्येच झोपी जात.

एकदा जाड्यानं बराच घोळ असलेला तुकडा टाकला आणि खाली विचारलं, 'मास्तर काय म्हणाले?'

मास्तरांचा डोळा लागला होता. तिनं तुकडा दोनदा वाचला, घोळ कुठं आहे ते हेरलं आणि टाइप केलं, 'तूच शोध म्हणाले.'

मग तिला रडू आवरेना. मास्तरांची झोप मोडू नये म्हणून ती उठून गॅलरीत गेली.