घर बघण्याचा कार्यक्रम

"कपाट आणिक डावीकडं सारा. भिंतीचं पोट दिसायला नगं," मी उंबऱ्यात उभी राहून फर्मावले, आणि आळीतल्या बाजीराव व सुहास यांनी माझे लोखंडी कपाट चंपाच्या घराच्या मागच्या भिंतीला नेऊन टेकवले.

बँकेच्या बाई घर बघायला येणार होत्या. आंदर मावळातील कोणती घरे ग्रामीण घरकर्जात बसतात, हे त्या दारोदार फिरून ठरवीत होत्या. आमच्या आळीतून एकट्या चंपाचा अर्ज गेला होता. चंपा खंडाळ्याच्या एका बंगल्यात झाडलोट करते. नवऱ्यामागे तिने लेकीला, पायलला, एकटीने वाढवले आणि नांदायला पाठवले. आता पायलला दिवस गेले होते. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, परंतु त्या फुगलेल्या भिंतीखाली लेकीला निजवण्याची चंपाची छाती होत नव्हती.

माझे यजमान अंथरुणाला खिळले, तेव्हा बंगल्यावरून थकून आलेली ही बाई त्यांना उठवून बसवण्यासाठी न बोलावता येत असे. तिच्यासाठी आळी उभी राहिली नाही, असे माझ्या हयातीत घडणे नव्हते.

आमच्याकडे मुलगी बघायला पाहुणे यायचे असले की आळीतील प्रत्येक घर आपली चांगली वस्तू त्या घरी पाठवते, आणि ती उसनी आहे हे कोणी बोलत नाही. घर बघायला येणाऱ्या बाईंसाठी आम्ही तेच केले. दुसरी रीत आम्हांस ठाऊक नव्हती. गेणूच्या खुर्च्या आल्या, अनिताचा पंखा आणि परात आली, चिमाबाईची पितळी घागर आणि शेजारणींची तपेली आली. फुटक्या कौलांखाली मांडवाचे कापड ताणले गेले. फळीवर माझा तांब्याही झळकू लागला.

"चंपामावशे, आता घराला निस्त्या मुंडावळ्या बांधायच्या ऱ्हायल्या बग!" अनिता म्हणाली.

"पसंत पडू दे की," चिमाबाई म्हणाली, "सुपारी आजच फोडू."

चंपा हसली, पण पदराचे टोक तिने बोटाला घट्ट गुंडाळले होते.

बँकेच्या राजेश्वरीबाई तरुण होत्या. त्या खुर्चीवर बसल्या, छताकडे पाहिले, कपाटाकडे पाहिले.

"छान ठेवलंय हो घर. हे कपाट तुमचंच का?"

चंपाने माझ्याकडे पाहिले. देणाऱ्याचे नाव उघडे करायचे नसते.

"व्हय," ती म्हणाली.

"आणि हा पंखा, खुर्च्या?"

"व्हय."

"मग मावशी, 'बसत नाही' असंच लिहावं लागेल मला. ज्यांचं घर राहण्यासारखं नाही, त्यांच्यासाठी आहे हे कर्ज. सकाळपासून याहून वाईट घरं पाहतेय मी."

चंपाने चहाची कपबशी पुढे केली. "बरं ताई. च्या तेवढा घिऊन जावा," एवढेच ती म्हणाली.

अंगणात उभी असलेली सारी आळी खाली पाहू लागली. मी आत पाऊल टाकले.

"बाई, पेन खाली ठेवा. पाव्हणचार झाला, आता घर बघा." मग मी आळीकडे वळले. "ज्यानं त्यानं आपापलं उचला."

कोणी हलले नाही. पाहुण्यासमोर उसनी वस्तू परत नेणे आमच्या आळीत कधी घडले नव्हते.

"बाजीराव, ऐकू आलं न्हाई? पैलं माजं कपाट काढ."

कपाट सरकले आणि भिंतीचे पोट बाहेर आले. तिला लावलेला लाकडी टेकूही दिसला. सुहासने मांडवाचे कापड सोडले, तशी कौलांतून उन्हाचे कवडसे थेट बाईंच्या कागदांवर उतरले. गेणू संकोचत पुढे झाला.

"बाई, जरा उठता का? खुर्ची माजी हाय."

बाई उठल्या आणि हसल्याच. मग आळीही हसली. चिमाबाईने घागर उचलली.

"थांब, चिमाबाई," चंपा म्हणाली. ती आत गेली, तांदळाचा डबा घेऊन आली आणि मूठभर इंद्रायणी तांदूळ तिने घागरीत सोडला. उसने भांडे रिकामे परत करायचे नसते. अनिताच्या परातीत दुसरी मूठ पडली, शेजारणींच्या तपेल्यांत पुढच्या. होता होता डब्याच्या तळाशी तिची बोटे खरवडल्याचा आवाज येऊ लागला.

राजेश्वरीबाईंचा आवाज उतरला. "मावशी, राहू द्या ना. त्यांनी काही मागितलेलं नाही."

"मागत न्हाईत म्हणून तर द्यायचं असतंय, ताई."

घर ओकेबोके झाले. बसायला काही उरले नाही, तेव्हा चंपाने स्वतः शिवलेली वाकळ अंथरली. बाईंनी पायांतील बूट उंबऱ्याबाहेर काढले आणि मांडी घालून बसल्या. भिंतीचे, टेकूचे, कौलांचे फोटो झाले.

"घर बसतंय, मावशी. मी तसंच लिहिते. वरच्या साहेबांची सही लागेल, पण पुन्हा बघायला लागलं तर मीच येईन."

"पायल वैशाखात मोकळी व्हायची. तवर भिंत उभी ऱ्हाईल?"

"आता तर कार्तिक चाललाय. मंजुरी आली की लगेच काम धरा. राहील."

चंपाने हात जोडले. बाईंनी ते हात धरून खाली घेतले, आणि त्या मुलीला मी मनोमन औक्षवंत हो म्हटले.

आळी पांगली. फळीवर माझा तांब्या तेवढा उरला होता. चंपाने डबा उपडा करून हलवला. काही पडले नाही. ती अंगणात गेली, तुळशीची एक मंजिरी खुडली, तांब्यात ठेवली आणि तो माझ्यासमोर धरला.

"थोरल्या आई, आज एवडंच हाय."

देताना माझा हात नेहमी वर राहिला आहे. त्या दिवशी मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दोन्ही हात पुढे केले.

घरी आल्यावर तहान लागली होती. तांब्या मी देवापाशी ठेवला आणि पाण्यासाठी दुसरे भांडे घेतले.