मिस्त्रींच्या आईचं नाव

"हॅलो, हॅलो. माजघर, येतोय का आवाज?"

"येतोय बाबा, येतोय. भिंतीला तोंड फुटलंय नुसतं," घरधनीण मैनाबाई आतून ओरडल्या आणि त्यांच्यामागे हळदीचं सामान निवडत बसलेल्या बायका हसल्या.

बाळारामने माइक खाली ठेवला आणि पेचकस घेऊन मागच्या बोळात गेला. माजघरात आवाज जरा जास्तच जात होता, वरच्या खोलीत बारीक. एकच अॅम्प्लिफायर, चार खोल्यांत चार स्पीकर. जवळचा सगळं ओढून घेतो, लांबच्याला उरतं-पुरतं मिळतं. एका भाकरीचे चार लेकरांना सारखे तुकडे करून द्यावेत, तसं हे काम. बारा वर्षांत बाळारामच्या हाताला ते बसलं होतं.

दापोड्याच्या केसरीनाथ पाटलांच्या भातशेतीवर गोदामं उभी राहिली आणि गोदामांनी त्यांना दुमजली बंगला दिला. नव्या घरात थोरल्या लेकीचं लग्न निघालं, तेव्हा पाटलांनी भिवंडीत श्रीनाथरावांच्या रेडिओच्या दुकानात येऊन सांगितलं, "कॅसेट लावली हॉलमधी, तर चूल फुंकनारीला पन ऐकू यायला पायजे. घर सगलं एका सुरात गायला पायजे." एकोणनव्वद साल होतं. असं घर गाताना पंचक्रोशीत कुणी पाहिलं नव्हतं. श्रीनाथरावांनी काम बाळारामवर सोपवलं. "तूच कर. माझ्या नावाला बट्टा लागू देणार नाही असा तू एकटाच आहेस."

बोळात तो तारेला पट्टी मारत होता, तेवढ्यात मागच्या दारातून दोन म्हाताऱ्या आत आल्या. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, अनवाणी पाय, कंबरेला तंबाखूची चंची. पुढची उजेडातून सावलीत आली, तिने डोळे बारीक केले आणि तिचा चेहरा पणतीसारखा उजळला.

बाळारामने मान खाली घातली. तारेला पुन्हा एकदा पट्टी मारली. तिथे आधीच पट्टी होती.

कमळाबाईचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. मग मिटलं. ती पुढे गेली. तिच्यामागची द्रौपदी मात्र उभी राहिली, त्याच्या वाकलेल्या पाठीकडे बघत.

"आली गो माजी कमळाबाय," मैनाबाईंचा आवाज आला. "माज्या म्हायेराकडची धवलारीण. हिच्या तोंडून धवला झाला नाय, तर लगीन लागलं असं मी मानत नाय."

भटाच्या मंत्रांआधी धवलारीण लग्नाचं गाणं, धवला, गाते. डोंगरावरच्या, खाडीतल्या, वेशीवरच्या देवांना नावानिशी मांडवात बोलावते. अंबाडीच्या पलीकडच्या गावांत कमळाबाईशिवाय हळद निघत नसे. तिला त्याचे तांदूळ मिळत, लुगडं मिळे, आणि पहाटेपर्यंत गायल्यावर घसा ओला करायला पेला मिळे. तोही ती नाकारत नसे. त्या तांदळावर आणि त्या गाण्यावर तिने एका लेकाला दहावीपर्यंत शिकवलं होतं. तो लेक बोळात बसून तार न्याहाळत होता.

दुपार कलली आणि श्रीनाथराव स्कूटरवरून काम बघायला आले. हॉलमधल्या खुर्चीत बसून त्यांनी अॅम्प्लिफायरवरून हात फिरवला. "जोडणी स्वच्छ आहे. शाबास."

"एकदा वरची खोली बघतो," बाळाराम म्हणाला. त्याने माइक उचलला, बटण दाबलं. "हॅलो, वरची खोली." वरून कुणीतरी पाय आपटून 'ऐकू आलं' असं कळवलं.

माइक हॉलमध्ये होता, म्हणून हॉलचा स्पीकर त्याने बंद ठेवला होता. माइक आणि स्पीकर समोरासमोर आले की अशी शिट्टी वाजते की कानठळ्या बसतात. ती टळते, पण मग हॉलमध्ये उभ्या माणसाला माइक चालू आहे की बंद, हे कानाने कळत नाही. अॅम्प्लिफायरवरचा तांबडा दिवा बघावा लागतो. ही गोष्ट त्याने आजवर कितीतरी जणांना शिकवली होती.

"बाळाराम," श्रीनाथराव म्हणाले, "आत त्या गाणाऱ्या बाई आल्यात, त्या अंबाडीकडच्या म्हणे. म्हणजे तुझ्याच बाजूच्या. तुझ्या ओळखीच्या आहेत का?"

प्रश्न साधा होता. पण बारा वर्षांपूर्वी, दुकानात लागला त्या पहिल्या दिवशी, श्रीनाथरावांच्या मातोश्रींनी चहा देताना विचारलं होतं, आई काय करते रे तुझी? आणि चकचकीत फरशीवरच्या आपल्या धुळीच्या पावलांकडे बघत तो म्हणाला होता, बालवाडीत शिकवते. नाव? सुमती. गावच्या बालवाडीतल्या बाईंचं नाव सुमती होतं. खोटं एकटं येत नाही, बिऱ्हाड घेऊन येतं. मग सुमतीबाईंची तब्येत, सुमतीबाईंचं वाचन, सुमतीबाईंनी पाठवलेले आंबे, सगळं दुकानात येऊन राहिलं. श्रीनाथराव दर दिवाळीला त्यांच्यासाठी एक दिवाळी अंक द्यायचे.

"नाही," बाळाराम म्हणाला. "असतील कुणी. लग्नं हुडकत फिरतात अशा बाया. मागतकरीच म्हणायच्या. तांदूळ मिळाले की गातात."

"तुझ्या आईला माहीत असतील."

"आईला नाही आवडत असलं. आमच्या घरात हे नाही चालत."

त्याने माइक टेबलावर ठेवला. तेव्हा त्याला तांबडा दिवा जळताना दिसला.

घर गप्प होतं. मघापासून चालू असलेला ताटावाट्यांचा आवाज थांबला होता. बाळारामने बटण बंद केलं. आत न जाता चाललं असतं तर तो गेला नसता; पण माजघरातला स्पीकर जरा सैल बसला होता आणि श्रीनाथराव म्हणाले, "तेवढा आवळून ये."

माजघराच्या दारातच मैनाबाई उभ्या होत्या. "काय रं मिस्त्री, मागतकरी कोन? माज्या घरात येऊन माज्या धवलारणीला नावं ठेवतोस?"

"असू दे मैनाबाय," भिंतीशी बसलेली कमळाबाई म्हणाली. "शेरातली मानसं. त्यांना काय ठावं?"

"शेरातली?" द्रौपदीने हातातलं पान खाली ठेवलं. "अगं, हा तं आपला..."

कमळाबाईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. जोराने नाही, झोपलेल्या लेकरावर ठेवावा तसा. "द्रौपदे, चुना दे." मग तिने वर बघितलं. "मिस्त्री, जपून चला. तार पायात येल तुमच्या."

तुमच्या. त्या तोंडातून त्याने आजवर शिव्या ऐकल्या होत्या, अंगाई ऐकली होती, तापात कपाळावर पुटपुटलेले देव ऐकले होते. हा शब्द ऐकला नव्हता. तो स्टुलावर चढला आणि तिच्या डोक्यावरचा स्पीकर आवळू लागला. खालून तंबाखूचा, घामाचा, धुतलेल्या जुन्या लुगड्याचा वास आला. लहानपणी त्या वासाशिवाय त्याला झोप येत नसे. स्क्रू कधीच बसला होता, तरी तो फिरवत राहिला. खाली उतरलं की तिच्याकडे बघावं लागलं असतं.

संध्याकाळी हळदीला हॉल भरला. पाटलांनी फर्मान काढलं, "कमळाबायचा धवला माइकवर. चुलीपुढच्या बाया कामं सोडून कशाला येतीन? तिथंच ऐकू दे त्यांना."

कमळाबाईला माइक धरता येईना. तो तिने फुंकणीसारखा तोंडाला लावला, मग दूर नेला. श्रीनाथराव खुर्चीवरून म्हणाले, "बाळाराम, तू धर तिच्यापुढे."

म्हणून तो तिच्यासमोर गुडघे टेकून बसला आणि माइक धरला.

ती गायला लागली. आवाज आता फाटला होता, पण फाटक्या घोंगडीतही ऊब असते. तिने देव बोलावले. द्रौपदी मागून झील धरत होती, आणि लांब, वरच्या खोलीतून तोच आवाज परत येत होता, जसं घरात आणखी एक कमळाबाई बसून गाते आहे.

देव झाले, मग कारागीर आले. कमळाबाईच्या गावची ही रीत: ज्याचे हात कार्याला लागले, त्याचं नाव धवल्यात घ्यायचं, आणि त्याच्या आईचं घ्यायचं. आईचं नाव घेतल्याशिवाय कारागिराचं काम देवाला पोचत नाही. मग त्या आईसाठी एक नारळ द्यायचा. तिने मांडव घालणाऱ्या नवशाला विचारलं, "आईचं नाव?" तो लाजत म्हणाला, "पारू." तिने पारूची कूस धन्य केली. हळकुंडं दळणाऱ्या पंढरीच्या आईचं नाव गायलं. पंढरीने डोळे पुसले. त्याची आई गेल्याच पावसाळ्यात गेली होती.

मग तिने समोर बघितलं.

"मिस्त्री, तुमच्या आईचं नाव?"

बाळारामने तिच्या डोळ्यांत राग शोधला. राग असता तर बरं झालं असतं. ती फक्त वाट बघत होती, दाराची कडी काढून ठेवलेल्या बाईसारखी. माइक त्याच्या हातात होता. तो बोलेल ते बाकीच्या तिन्ही खोल्यांत जाणार होतं. डाव्या हाताला श्रीनाथराव कौतुकाने पुढे वाकून बसले होते. त्यांना उत्तर माहीत होतं.

"बोला ना मिस्त्री," पाटील म्हणाले. "आईचं नाव विसरलात का काय?" लोक हसले.

"सुमती," बाळाराम म्हणाला.

कमळाबाईने मान हलवली. नीट ऐकू आलं, अशी. आणि सूर लावला.

*बोलकी भिंत कोनी केली गो, कोनी केली*
*मिस्त्रीच्या हातानं केली गो, हातानं केली*
*मिस्त्रीची माय कोन गो, सुमती तिचं नाव*
*धन्य तिची कूस गो, लेक कामाचा झाला*

द्रौपदीने झील धरली नाही. ती तोंडाला पदर लावून जमिनीकडे बघत होती. कमळाबाईने एकटीनेच दोन्ही फेर पुरे केले. सूर कुठे हलला नाही.

गाणं संपल्यावर तिने परातीतला नारळ उचलला, त्याला हळदीचं बोट लावलं आणि त्याच्या ओंजळीत दिला. "हा तुमच्या आईचा. सुमतीबायला द्या. सांगा, लेकानं घर गातं केलं."

"वा," श्रीनाथराव म्हणाले. "किती सुंदर पद्धत आहे."

पुढच्या रविवारी बाळाराम एसटीने अंबाडीला उतरला आणि तिथून चालत गावी गेला. कमळाबाई ओट्यावर तांदूळ पाखडत होती. त्याला बघून तिने सूप बाजूला ठेवलं.

"आलास रे बाला? किती वालला रे. सून बरी हाय ना?"

तू. तो घळाघळा रडला असता, पण तिने तेवढी उसंत दिली नाही. पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला, सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं.

"आय, त्या दिवशी मी..."

"जेव आदी. भात निवतो."

तो जेवला. तिने दोनदा भात वाढला, त्याच्या मुलांची नावं घेऊन विचारपूस केली, द्रौपदीच्या सांधेदुखीचं सांगितलं. दापोड्याचं नाव काढलं नाही. हात धुऊन आल्यावर त्याने पिशवीतून नारळ काढला. हळदीचं बोट अजून त्यावर होतं. तो त्याने दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"आय, हा तुझा."

कमळाबाईने नारळाकडे बघितलं. मग तिने पदराने हात पुसले, पण पुढे केले नाहीत.

"नाय रे बाला," ती म्हणाली. आवाजात नेहमीचाच मऊपणा होता. "देवाम्होरं ज्याच्या नावानं दिला, त्याचाच तो. मी कसा घेऊ? धवल्यातलं नाव बदलता येत नाय."

"पन ती सुमती कोनी नायच, आय."

"मंग तुज्याकडंच ठेव," ती म्हणाली, आणि सूप ओढून पुन्हा तांदूळ पाखडू लागली.

तो तिच्याजवळ ओट्यावर बसला. नारळ मांडीवर होता. सुपातला कोंडा उन्हात उडत होता, थोडा त्याच्या शर्टावर बसत होता, आणि ती पाखडता पाखडता मधूनच हात थांबवून तो झटकत होती.