हाताने ठेवलेला नांगर

त्या दिवशी सकाळी एलीबापाने मला मांडीशी घेतलं आणि नारळाच्या सोडणाने माझा गंज घासायला सुरुवात केली. दर महिन्याला तो हे करायचा, म्हणून मला त्यात काही विशेष वाटलं नाही. अंगणात मासे वाळत होते. त्याची मुलगी ओर्पा सागूच्या पिठात कढत पाणी ओतून पापेदाची घट्ट पेज घोटत होती. माझं चौथं बोट वाकडं आहे. त्यावर हात ठेवून तो म्हणाला,

"ओर्पा, हे ठोकून सरळ करू का गं?"

"राहू दे, बापा."

"पोरं हसतात."

"हसू देत. तुझे दात तरी कुठे सरळ आहेत?"

तो खळखळून हसला. मग तिचा हात थांबला. "बापा..." ती म्हणाली, आणि पुढे बोललीच नाही. त्याने जरा वाट पाहिली.

"हात चालव, गुठळ्या होतील," तो हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला नाही.

मित्रांनो, मी एका होडीचा नांगर. आमच्या बेटावरच्या चर्चचं बांधकाम संपलं तेव्हा चार सळया उरल्या होत्या. लोहाराने त्या एकत्र जुळवल्या, टोकं तापवून वाकवली आणि मला चार बोटं दिली. "एली, याला नुसता भिरकाव," तो म्हणाला, "पुढचं तो बघून घेईल."

एलीबापाने मला कधीच भिरकावलं नाही. लाकडी चौकटीचा चष्मा डोळ्यांवर चढवून, एका हातात मला धरून तो पाण्यात उतरायचा. प्रवाळ संपून वाळू लागली की माझी बोटं एकेक करून वाळूत रोवायचा. वर आल्यावर, समुद्र बघायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, की एवढा खटाटोप कशाला, तर तो म्हणायचा, "दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आपण उंबऱ्यावर चपला काढतो ना? तसंच."

तुम्ही कधी समुद्राच्या तळाशी नुसते बसून राहिला आहात का? बघण्यासारखं फार असतं. एका खडकापाशी मोठे मासे तोंड उघडून आपली पाळी येण्याची वाट बघत, आणि बोटाएवढे मासे आत शिरून त्यांचे दात साफ करत. मोठा मासा तोंड मिटून घास का घेत नाही, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. प्रवाळ हा दगड की झाड, यावर तर मी वर्षभर विचार केला. अखेर एलीबापा पाहुण्यांना सांगत होता तेव्हा कळलं: "दगड नाही, झाडही नाही. बारीक बारीक जीव आहेत, लाखो. आमच्या गावासारखे. एकमेकांना चिकटलेले, आणि जागचे हलत नाहीत."

पाहुण्यांना तो प्रवाळावर उभं राहू देत नसे. कुणी शिंपला खिशात घातला की हात पुढे करायचा. "न्यायचंच असेल तर अंगावरचं मीठ न्या. तेवढं पुष्कळ आहे आमच्याकडे." आणि कुणी पांढऱ्या वाळूचं कौतुक केलं, की त्याला भारी गंमत वाटायची. "पोपटमासा प्रवाळ चावतो, आणि मागून ही वाळू काढतो. लोळा खुशाल!"

त्या खडकावर एक प्रवाळ होतं, मेजासारखं सपाट. एलीबापाच्या लहानपणी ते ताटाएवढं होतं म्हणे. मी पाहिलं तेव्हा ते होडीहून रुंद झालं होतं. होडी लावल्यावर तो आधी त्याच्याभोवती एक फेरी मारायचा.

मग तो दिवस आला. गाव लवंगा तोडायला डोंगरावर गेलं होतं. एलीबापा तापाने फणफणला होता आणि चार पाहुणे किनाऱ्यावर खोळंबले होते. ओर्पा नुकतीच शहरातून शिकून आली होती. "मी नेते," ती म्हणाली, आणि बापाने डोळे मिटूनच मान हलवली. खडकावर पाण्याला ओढ फार होती. एका बाईला उलट्या होत होत्या, दुसरे दोघे परतीच्या बोटीची वेळ झाली म्हणून घाई करत होते. ओर्पाने मला उचललं आणि भिरकावलं.

आयुष्यात पहिल्यांदाच मी पडत होतो. खाली काय आहे ते मला दिसत होतं, पण मला थांबता येत नव्हतं. मेजाच्या मधोमध पडलो. होडी ओढली गेली, माझं बोट अडकलं, वाकलं, आणि अर्धं मेज काडकन तुटलं. वर पाहुणे फोटो काढत होते.

दोन दिवसांनी कनारीच्या झाडाखाली गाव जमलं. समुद्राचा राखणदार म्हातारा सेफ्नात, सगळे त्याला तेते म्हणजे आजोबा म्हणतात, त्याने मला मधोमध ठेवलं.

"हा पांढरा चुरा कुणाच्या नांगराला लागलाय ते दिसतंय मला. हात कुणाचा, तेवढं सांगा."

ओर्पा मागच्या रांगेत सरकली. एलीबापाने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"माझा," तो म्हणाला. "घाई झाली, तेते."

"काय रे एली, जगाला शिकवत होतास ना?" मागून कुणीतरी टोमणा मारला.

"हो. आता मीच शिकतो."

गावाने त्या खडकावर तीन वर्षांची सासी लावली. म्हणजे समुद्राचा तेवढा भाग मिटून ठेवायचा, खांबाला कोवळ्या झावळ्या बांधायच्या आणि तिथे कुणी होडी न्यायची नाही, मासा धरायचा नाही. तेवढाच काळ एलीबापानेही पाहुणे न्यायचे नाहीत, असं ठरलं. खडकाला पोरांनी नाव दिलं, 'एलीचा घाव'. तो पाणवठ्यावर गेला तरी कानावर यायचं.

त्या तीन वर्षांत तो बसून राहिला नाही. सेफ्नाततेतेंना विचारून त्याने बाकीच्या खडकांजवळ वाळूत सिमेंटने भरलेली पिंपं पुरली, त्यांना दोर आणि पांढरे तरंगते गोळे बांधले. पाहुण्यांच्या होड्या त्यांनाच अडकवायच्या, खाली काही टाकायचंच नाही. म्हणजे त्याने मला बेकार केलं की! तरी दर महिन्याला तो माझा गंज घासत राहिला. ज्याचं काम संपलं त्याला कुणी का घासून ठेवतं? मला विचारता आलं असतं तर मी हेच विचारलं असतं.

आणि ओर्पा? ती रोज माझ्या शेजारून जायची. कितीदा तरी "बापा..." म्हणून थांबायची. तोही कितीदा वाट पाहायचा. एका शब्दाला घशातून बाहेर यायला तीन वर्षं का पुरत नाहीत, तेही मला समजत नाही.

मित्रांनो, तुम्ही कधी एखाद्या बेटावर गेलात, तर होडीत पाय ठेवण्याआधी होडीवाल्याला एवढंच विचारा: "नांगर कुठे ठेवणार?" आणि तो वाळू शोधत असेल, तर घाई करू नका. घाई तुमची असते, पडतो मी, आणि मोडतं ते ज्याला पळता येत नाही.

एलीबापाला जाऊन सहा आठवडे झाले, आणि सासी उघडण्याचा दिवस आला. सकाळी सगळं गाव किनाऱ्यावर होतं. पाहुणेही होते. आदल्या दिवशी खाली जाऊन आलेल्यांनी सांगितलं होतं, की तुटलेल्या कडेवर तळहाताएवढी नवी प्रवाळं आली आहेत. तेतेंच्या सांगण्यावरून ओर्पाने मला आणलं होतं. झावळ्या सोडण्याआधी त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं.

"पोरांनो, हे वाकडं बोट बघा. एली माणूस चांगला होता. पण एक दिवस त्याने..."

"तेते, थांबा."

ओर्पा पुढे आली. माझ्या वाकड्या बोटावर तिने हात ठेवला, अगदी एलीबापासारखा. लोकांकडे तिने पाहिलंच नाही. ती समुद्राकडे बघत होती.

"बापा त्या दिवशी तापाने घरी पडला होता," ती म्हणाली. "होडी मी नेली होती. नांगर मी टाकला. बापा, मी टाकला होता."