दुखण्याची नेमकी जागा

आमच्या घरात डॉक्टर आहेत, नर्स आहेत, एक औषधांचा दुकानदार आहे, आणि तरी कुणाचं डोकं ठणकलं तर साधी गोळी मिळायची मारामार. हसायचं तर हसा. व्यसनापायी दवाखान्यातलं, दुकानातलं काम सुटलेल्यांचं, व्यसन सोडवायचं हे घर. आम्हीच रांधतो, आम्हीच भांडी घासतो, आणि रोज सकाळी जेवणघरात खुर्च्यांचं रिंगण करून एकमेकांची सालं काढतो. औषधाचं कपाट घर चालवणाऱ्या ताईंच्या खोलीत, किल्ली त्यांच्या गळ्यात. मांजरांच्या वस्तीत दूध उघडं कोण ठेवेल?

मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर. पेशंटला देऊन उरलेलं दुखण्याचं इंजेक्शन टाकून द्यायचं असतं. मी ते स्वतःच्या मांडीत टाकलं, वर्षानुवर्षं. शेवटी बाथरूममध्ये पडलेली सापडले ती माझ्याच लेकीला. इथे सोडताना ती म्हणाली, "आई, ही शेवटची वेळ. पुन्हा खोटं बोललीस तर मला आई नाही." बोलेल तसं करते कार्टी, माझ्यावरच गेलीय. तिच्याशिवाय मला आहे कोण?

मध्यंतरी माझ्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. आधी मी गप्प बसले. इथे दुखतंय म्हणणं म्हणजे पोलीस चौकीत जाऊन सुरी मागणं. पण कळ अशी यायची की ताट पुढून सरकवावं लागायचं. एका सकाळी रिंगणात बोलून टाकलं.

"कुठे दुखतंय?" सर्जनने विचारलं. दारूपायी हात थरथरतात म्हणून सुरी सुटलेला माणूस, पण ऐट गेली नव्हती.

मी बोट ठेवलं. "इथून उजव्या खांद्यात जातं. तेलकट खाल्लं की वाढतं. मळमळतं."

"वा, सिस्टर! धडा तोंडपाठ आहे." तो मागे रेलून हसला. "अहो, खऱ्या पेशंटला जागा सापडते थोडीच! तो सगळ्या पोटावरून हात फिरवतो आणि म्हणतो, इथे कुठेतरी. तुम्ही तर बोटाने दाखवताय."

औषधवाला म्हणाला, "मी मूतखडा केला होता. बोटाला सुई टोचायची, थेंबभर रक्त लघवीच्या नमुन्यात. डॉक्टर स्वतः धावत इंजेक्शन घेऊन आला."

सगळे हसले. मीही हसले, काय करणार? चोराच्या वाटा चोराला ठाऊक. इथे प्रत्येकाने हे नाटक केलंय, तेव्हा खरं दुखणं ओळखायचं कुणी? ताईंनी जळजळीचं पातळ औषध दिलं आणि "बघू या" म्हणाल्या. सर्वांत वाईट सांगू? माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही. पोट दुखतंय की सुई हाक मारतेय, हे मला, या मेलीला, कळेना.

रविवारी लेक भेटायला आली. व्हरांड्यात उजेडात बसले तर ती एकदम ओरडली, "आई, तुझे डोळे पिवळे झालेत!"

सर्जन चहा पीत तिथेच उभा होता. तो आला, माझी पापणी खाली ओढून पाहिली आणि त्याचं तोंड उतरलं. "हिला आत्ताच्या आत्ता हलवा," तो पुटपुटला.

मग लेकीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "घरभर डॉक्टर, आणि एकालाही डोळे नाहीत? लाज वाटते का?" ताई सांगत होत्या, बाहेरच्या दवाखान्यात जाताना आमचं माणूस सोबत लागतं, तेच तिथे आधी सांगतं की हिला कोणतं औषध द्यायचं नाही. सर्जन बूट शोधायला धावला. "तुमच्यातलं कुणीही माझ्या आईला हात लावायचा नाही," लेक म्हणाली. कुठे नेतेय तेसुद्धा सांगितलं नाही.

टॅक्सीत तिने माझा हात सोडला नाही. "चुकलं माझं, आई. मला आल्या आल्या वाटलं, तू पुन्हा सोंग करतेयस." मला रडू फुटलं. कितीतरी काळाने कुणीतरी माझं खरं मानलं होतं.

दवाखान्यात ती केसपेपर काढायला खिडकीशी गेली. पडद्याआड तरुण डॉक्टरने पोट दाबलं, मी किंचाळले. सुई भरायला सांगत त्याने विचारलं, "मावशी, कसली सवय? दारू, गोळ्या, इंजेक्शन?"

यासाठीचं वाक्य आमच्याकडून घोकून घेतलेलं असतं. मला इंजेक्शनचं व्यसन आहे, ते देऊ नका. दुसरी औषधं असतात, मला त्यांची नावं पाठ आहेत. मी तोंड उघडलं.

"छे हो," मी म्हणाले. "मी सिस्टर आहे."

तेवढ्यावर त्याची खात्री पटली. सुई आत गेली, आणि देवा रे, किती बरं वाटलं! दुखणं थांबल्याचं नाही म्हणत मी. ते दुसरं. घरी आल्यासारखं.

लेक कागद घेऊन आली. "त्यांना सांगितलंस ना सगळं?"

"सांगितलं."

"मग ते बघतील काय द्यायचं ते," ती म्हणाली आणि माझ्या कपाळावरून हात फिरवला.

पित्ताशय काढलं. ऑपरेशन छान झालं. दैव देतं आणि कर्म नेतं, ते असं. आता वॉर्डात पडून आहे. टाके नुसते ओढल्यासारखे होतात, चिमटा काढावा इतकेच. इंजेक्शन आता पेशंटने मागितलं तरच द्यायचं, असं डॉक्टर सांगून गेलेत.

मघाशी वॉर्डची सिस्टर आली. हुशार आहे, मी तिच्या जागी असते तर तिच्यासारखंच बघितलं असतं. "मावशी, अजून दुखतंय? खरं तर आता इतकं दुखायला नको."

माझी लेक ताडकन उठली. "ती म्हणतेय ना दुखतंय, म्हणजे दुखतंय! आधीही कुणी तिचं ऐकलं नाही, मरता मरता वाचली. दुखण्याबाबत माझी आई खोटं बोलत नाही."

सिस्टर ओशाळली. "तसं नाही हो. मावशी, नेमकं कुठे दुखतंय ते दाखवा."

लेक माझ्याकडे बघत होती. मी बोट ठेवलं नाही. सगळ्या पोटावरून हळूहळू हात फिरवला.

"इथे," म्हटलं, "इथे कुठेतरी."